पाठीवरील गळू : कारणे, उपचार आणि रक्तातील साखरेची तपासणी

मानवी शरीराचा जो भाग आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी कधीच नीट पाहता येत नाही तो म्हणजे पाठ. हातावर लहानशी पुळी उठली तरी ती तत्काळ ध्यानात येते. पाठीवर मात्र चांगले लिंबाएवढे गळू होईपर्यंत अनेकांना त्याचा पत्ता नसतो. प्रथम सदरा टोचू लागतो, मग उताणे झोपवत नाही, आणि मग केव्हातरी घरातील कोणीतरी "पाठीला हे काय झाले आहे?" असे विचारते. विचारणारे कोणी घरात नसेल तर तेवढेही घडत नाही. मुले परदेशी गेली आहेत, जोडीदार देवाघरी गेला आहे, अशा एकट्या वृद्धांची पाठ महिनोन् महिने कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील स्वयंसेवकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

पाठीवर गळू का होते, त्यावर योग्य उपचार कोणता, आणि वयाच्या चाळिशीनंतर उठलेल्या मोठ्या गळवाकडे निव्वळ त्वचेचा विकार म्हणून का पाहू नये, याचा विचार सदर लेखात केला आहे.

करट, केसतूड, गळू, काळपुळी

आपल्या भाषेत या विकाराला एकाहून अधिक नावे आहेत आणि ती पुष्कळ अर्थपूर्ण आहेत. 'केसतूड' या शब्दातच केस आहे. त्वचेवरील प्रत्येक केस एका सूक्ष्म पिशवीत रुजलेला असतो. घाम, घर्षण किंवा खाजवणे यांमुळे त्या पिशवीचे तोंड दुखावले की जंतू आत शिरतात. त्यांचा प्रतिकार करण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात. या झुंजीत मेलेल्या पेशी, मेलेले व जिवंत जंतू आणि विरघळलेल्या ऊती यांचे मिश्रण म्हणजे पू. एकाच केसाच्या मुळाशी असा पू साठला की ते केसतूड किंवा करट. तो खोलवर पसरून त्याची पोकळी तयार झाली की आपण त्यास गळू म्हणतो. आणि शेजारशेजारच्या अनेक केसांची मुळे एकाच वेळी पिकून आतल्या आत एकमेकांस मिळाली की होते ती काळपुळी. (गुरांपासून माणसांस होणाऱ्या एका वेगळ्या व अतिशय गंभीर रोगासही काही ठिकाणी काळपुळी म्हणतात. त्याचा येथे संबंध नाही.)

काळपुळी मानेच्या मागे व पाठीच्या वरच्या भागातच प्रामुख्याने का व्हावी? पाठीची त्वचा शरीरातील सर्वांत जाड त्वचांपैकी एक आहे, आणि तिच्याखालील चरबी चिवट तंतूंच्या उभ्या पडद्यांनी लहान लहान कप्प्यांत विभागलेली असते. गालावरील किंवा काखेतील पू सरळ वर येऊन फुटतो. पाठीवरील पुवाला वरचा मार्ग लवकर सापडत नाही, म्हणून तो आडवा पसरतो आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो. शेवटी त्वचेवर एकाऐवजी चार-सहा तोंडे पडतात आणि तो भाग चाळणीसारखा दिसू लागतो. वरून रुपयाएवढी दिसणारी काळपुळी आत तळहाताएवढी असू शकते ती यामुळेच.

जंतू येतो कोठून?

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० साली गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना गोल जंतूंचे घोस दिसले. द्राक्षांच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी पुढे या जंतूंना 'स्टॅफिलोकॉकस' हे नाव दिले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनाही केसतुडांच्या पुवात असेच जंतू आढळले होते. १८८४ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक रोझेनबाख यांनी त्यांतील सोनेरी रंगाच्या वसाहती करणाऱ्या जातीस 'ऑरियस' म्हणजे सुवर्णरंगी असे विशेषण जोडले. पाठीवरील बहुतेक गळवे आजही याच जंतूमुळे होतात.

हा जंतू काही दूरदेशाहून येत नाही. सुमारे दहांपैकी तीन निरोगी माणसांच्या नाकपुडीत तो वस्तीला असतो आणि त्यांना त्याचा काही त्रासही होत नाही. नाकातून बोटांवर, बोटांवरून नखांत आणि नखांतून खाजवलेल्या पाठीवर असा त्याचा प्रवास होतो. घरातील सर्वांचा एकच टॉवेल, न्हाणीघरात कायम ओली राहणारी घासणी, पाठ खाजवण्यासाठी हाती लागेल ती फणी किंवा पट्टी, ही त्याची वाहने होत. पाठीवर घाम साचत असेल, तंग कपडे, आंतर्वस्त्रांचे पट्टे किंवा जड दप्तर सतत घासत असेल, किंवा ओझे वाहण्याचे काम असेल, तर त्याला दार उघडे मिळते. वैशाखातील उकाड्यात व ऑक्टोबरच्या उन्हात केसतुडांचे रुग्ण वाढतात याचे हे कारण.

येथे एका जुन्या समजुतीचा परामर्श घेणे इष्ट ठरेल. 'आंबे जास्त खाल्ले, उष्णता झाली, म्हणून गळू आले' असे आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते. आंब्याचा हंगाम आणि घामाचा हंगाम एकच असल्याने हा समज दृढ झाला असावा. आंब्याच्या चिकामुळे ओठांभोवतीची त्वचा दुखावते हे खरे, परंतु आंब्याने पाठीत पू होत नाही. 'रक्त खराब झाले' ही दुसरी समजूत. तिच्यापायी रक्तशुद्धीच्या बाटल्यांवर पैसे खर्च होतात, आणि रक्ताची जी एक तपासणी खरोखर करावयास हवी, ती मात्र राहून जाते.

गळू आणि मधुमेह

ती तपासणी म्हणजे रक्तातील साखरेची. काळपुळी आणि मधुमेह यांचे नाते भारतीय वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णांना होणाऱ्या सात पिडकांचे, म्हणजे पुटकुळ्या-गळवांचे वर्णन आहे, तर सुश्रुतसंहितेत अशा दहा प्रकारांची नावे दिली आहेत. त्यांतील 'विनता' ही पिडका मोठी, निळसर, अतिशय वेदना देणारी आणि पाठीवर किंवा पोटावर उठणारी असते असे चरकसंहिता सांगते. आजच्या शल्यचिकित्सकाने काळपुळीचे वर्णन केले तर ते याहून फार निराळे होणार नाही.

आधुनिक वैद्यकाने या नात्यामागील कारण उलगडले आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पांढऱ्या पेशी मंदावतात. संसर्गाच्या जागी त्या उशिरा पोहोचतात आणि जंतूंना गिळून मारण्याची त्यांची शक्तीही उणावते. सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने औषधही तेथे पुरेसे पोहोचत नाही. त्यात मज्जातंतू बधिर झाले असतील तर वेदना कमी जाणवते आणि रुग्ण निर्धास्त राहतो. 'फारसे दुखत नाही' हे मधुमेही व्यक्तीच्या तोंडचे वाक्य दिलासा देणारे नसून उलट सावध करणारे आहे. शिवाय संसर्ग स्वतःच साखर वाढवतो, म्हणजे साखरेमुळे गळू वाढते व गळवामुळे साखर. १९२२ साली टोरांटो येथे रुग्णाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वीच्या काळात मधुमेही व्यक्तीची मोठी काळपुळी ही बहुधा प्राणघातकच समजली जाई.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाच्या रुग्णांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. यांतील पुष्कळांना आपल्याला मधुमेह असल्याचे ठाऊकच नसते. तहान, वारंवार लघवी, थकवा या खुणांकडे वयाचा परिणाम म्हणून दुर्लक्ष होते आणि पाठीवरील काळपुळी हीच रोगाची पहिली ठसठशीत खूण ठरते. म्हणून पाठीवर मोठे गळू झाले, किंवा सहा महिन्यांत दोन-तीनदा केसतुडे उठली, तर वय काहीही असो, साखर तपासून घ्यावीच. आजारपणात साखर तात्पुरतीही चढते, त्यामुळे एका चाचणीने गोंधळ होऊ शकतो. अशा वेळी गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी 'एचबीएवनसी' ही चाचणी उपयोगी पडते. तिचे मूल्य ६.५ टक्के वा अधिक आले तर मधुमेह आधीपासूनच होता असे समजावे. यासाठी उपाशीपोटी जावे लागत नाही.

गळू होणाऱ्या प्रत्येकाला मधुमेह असतो असे मात्र नाही. तरुण, धडधाकट मुलांनाही खेळाच्या मैदानावरून किंवा वसतिगृहातून केसतुडे होतात. स्टिरॉइडची औषधे दीर्घकाळ घेणारे, कर्करोगावर उपचार घेणारे, मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा कुपोषणाने अशक्त झालेले यांनाही त्यांचा धोका अधिक असतो.

उपचार : शेक, चीर आणि औषध

पवित्र बायबलच्या जुन्या करारात हिज्कीया राजा गळवामुळे मरणोन्मुख झाला असता यशया संदेष्ट्याने त्यावर अंजिरांची ढेप बांधावयास सांगितल्याचा वृत्तांत आहे (२ राजे २०:७, यशया ३८:२१). त्या काळी पोटीस बांधणे हाच सर्वमान्य उपचार होता. आपल्याकडेही गव्हाच्या पिठाचे, जवसाचे किंवा भाजलेल्या कांद्याचे पोटीस बांधण्याची रीत होती. त्यातील उपयुक्त भाग म्हणजे ओलसर ऊब. उबेमुळे त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, ठणका कमी होतो आणि गळवाला लवकर तोंड पडते. आज त्यासाठी स्वच्छ कापड कोमट-गरम पाण्यात पिळून दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवणे पुरेसे आहे. लहान केसतूड एवढ्यानेही आठवड्याभरात फुटून बरे होते. मात्र पाठीवर शेक घेणाऱ्याला तो दिसत नाही आणि मधुमेही व्यक्तीला चटकाही जाणवत नाही. म्हणून पाण्याची ऊब शेक देणाऱ्याने स्वतःच्या मनगटावर पाहावी. रबरी पिशवी पाठीखाली घेऊन झोपी जाणे टाळावे.

फुटलेले केसतूड साबण व स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी पट्टी बांधावी. पट्टी भिजली की बदलावी, भिजलेली पट्टी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावी आणि आधी व नंतर हात धुवावेत. एवढी साधी शिस्त पाळली तर घरातील इतरांना लागण होणे पुष्कळ अंशी टळते.

गळू दाबून पू काढण्याचा मोह आवरावा. बाहेरून दाबले की पातळ भिंत आतून फाटते आणि पू खोल जातो. पाठीच्या कप्पेदार रचनेत तर हे काळपुळीला आमंत्रणच होय. आगीवर धरलेली सुई, दाढीचे पाते, रुईचा चीक, चुना, बिब्बा हेही निषिद्ध समजावे. बिब्ब्याने त्वचा भाजून फोड येतात आणि एका जखमेच्या दोन होतात. याहून अधिक घातक प्रकार म्हणजे औषधाच्या दुकानातून 'खाजेचे मलम' म्हणून मिळणाऱ्या नळ्या. यांपैकी अनेकांत तीव्र स्टिरॉइड असते. त्याने लाली उतरते, रुग्णाला बरे वाटते, आणि आत जंतू निर्वेध वाढत राहतात.

गळू मऊ झाले, आत पू हलतो आहे असे बोटाला जाणवू लागले, की खरा उपचार एकच : डॉक्टरांकडून चीर देऊन पुवाचा निचरा. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पोटात घेतलेले औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. 'गोळ्यांवर जिरवून द्या, कापू नका' असा आग्रह रुग्ण धरतात. त्यामागची भीती समजण्यासारखी आहे, परंतु तो आग्रह मान्य केल्याने बहुधा चार दिवस वाया जातात. त्या जागी बधिरतेचे इंजेक्शन देतात. सुजलेल्या जागी त्याचा परिणाम थोडा कमी होतो, म्हणून क्षणभर कळ लागते. पू गेला की ठणका मात्र लगेच उतरतो. मोठ्या काळपुळीसाठी रुग्णालयात भूल देऊन मृत ऊतीही काढाव्या लागतात. ही जखम शिवून बंद करत नाहीत, याचे नातेवाइकांना नवल वाटते. वरचे तोंड आधी मिटले तर आत पुन्हा पू साठतो, म्हणून ती तळापासून भरत वर यावी लागते. त्याला काही आठवडे लागू शकतात आणि तोवर मलमपट्टीत खंड पडू देऊ नये.

मग प्रतिजैविकांची गरज केव्हा? ताप असेल, लाली भोवताली पसरत असेल, गळवे अनेक असतील, काळपुळी असेल, रुग्ण मधुमेही किंवा अशक्त असेल, तेव्हा ती निश्चितपणे द्यावी लागतात. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत गळवाचा निचरा केल्यावर काहींना प्रतिजैविक व काहींना औषध नसलेली सारखी दिसणारी गोळी देण्यात आली. पहिल्या गटातील सुमारे ८० टक्के आणि दुसऱ्या गटातील सुमारे ७४ टक्के रुग्ण बरे झाले. औषधाचा लाभ झाला, परंतु कामाचा मोठा वाटा चिरेचाच होता हे यावरून दिसून येते.

कोणते औषध, हा निर्णय डॉक्टरांचाच असावा. त्याला इतिहास आहे. लंडनमध्ये १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या ज्या काचेच्या तबकडीवर पेनिसिलिनचा शोध लागला, त्या तबकडीवर हेच स्टॅफिलोकॉकस जंतू वाढवलेले होते. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथील एका पोलीस शिपायास गंभीर संसर्गासाठी पेनिसिलिन टोचले गेले. तो झपाट्याने सुधारू लागला, पण औषधाचा तुटपुंजा साठा संपला आणि तो दगावला. पुढे औषध मुबलक झाले आणि जंतू शहाणे झाले. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी १९५९ साली मेथिसिलिन आले, आणि १९६१ मध्येच त्यालाही दाद न देणारे जंतू ब्रिटनमध्ये आढळले. असे जंतू आज भारतातही सर्वत्र आढळतात. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेणे किंवा ठणका थांबताच औषध सोडणे धोक्याचे आहे ते यासाठी. चीर देताना निघालेला पू तपासणीस पाठवला तर कोणते औषध लागू पडेल हे दोन-तीन दिवसांत कळते. तो पाठवावा अशी विनंती रुग्णाने स्वतःहून करण्यास हरकत नाही.

तातडीने रुग्णालय गाठण्याच्याही काही खुणा आहेत. थंडी वाजून ताप येणे, लाली तासातासाला पसरणे, त्वचा जांभळी वा काळी पडणे, गळू दिसते त्या मानाने असह्य वेदना होणे, रुग्ण बरळू लागणे किंवा ग्लानीत जाणे, ही रक्तात विष पसरत असल्याची चिन्हे असतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. क्वचित गळू बरे झाल्यावर काही दिवसांनी ताप, पाठीच्या कण्यात खोल दुखणे आणि पायांत अशक्तपणा येतो. जंतू रक्तावाटे मणक्यापर्यंत पोहोचल्याची ती शक्यता असते, आणि उशीर झाल्यास पाय कायमचे जाऊ शकतात.

गळवासारखे दिसणारे, पण गळू नसलेले

पाठीवर वर्षानुवर्षे न दुखणारी गोल गाठ असते, तिच्या मध्यावर काळा ठिपका असतो, आणि एके दिवशी ती लाल होऊन ठणकू लागते. ही बहुधा त्वचेखालील पिशवीची गाठ असते. तिचा पू काढला तरी पिशवी आत राहते. म्हणून सूज पूर्ण ओसरल्यावर ती पिशवीसह काढून टाकावी लागते, नाहीतर ती पुनःपुन्हा भरते.

लाली नाही, ऊब नाही, ठणका नाही, तरीही पाठीवर मऊ फुगवटा हळूहळू वाढतो आहे आणि सोबत वजन घटते, सायंकाळी ताप येतो, तर मणक्याच्या क्षयरोगाचा विचार झालाच पाहिजे. आपल्या देशात ही शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी मुळीच नाही. असा फुगवटा गळू समजून कोणी चिरला तर जखम दीर्घकाळ वाहत राहते.

काखेत, जांघेत व पार्श्वभागी वर्षानुवर्षे गळवे येत असतील तर तो घामाच्या जागी होणारा निराळा, दीर्घकालीन विकार असू शकतो. विचारवंत कार्ल मार्क्स 'काळपुळ्यां'नी गांजले होते. त्यांचा आजार हाच असावा, असे मत एका ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञाने २००७ साली त्यांच्या पत्रांच्या आधारे मांडले. अशा रुग्णांनी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या माकडहाडावरील लाल चट्टा हेही गळू नव्हे. तो दाबामुळे होणारा शय्याव्रण असतो, आणि त्यावर शेक देणे हानिकारक आहे.

पुनःपुन्हा गळवे येत असतील तर

अशा वेळी साखरेबरोबरच जंतूचे ठाणेही शोधावे लागते. नाकपुडीत लावण्याचे म्युपिरोसिन हे मलम दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि त्याच काळात जंतुनाशक द्रवाने अंघोळ, असा क्रम डॉक्टर सांगतात. घरात एकापेक्षा अधिक जणांना त्रास असेल तर हा उपाय सर्वांनी एकाच वेळी करावा, अन्यथा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. टॉवेल प्रत्येकाचा स्वतंत्र असावा, चादरी व बनियन गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत, घासणी वरचेवर बदलावी. पाठीला तेल चोळून तसेच तंग कपडे घालण्याची सवय असेल तर ती सोडावी.

जखम भरून आल्यावर व्रण राहतो. पाठीचा वरचा भाग आणि खांदे या जागी तो काहींच्या बाबतीत जाड, गुलाबी होऊन मूळ जखमेच्या सीमेबाहेर वाढू लागतो व खाजतो. त्यास किलॉइड म्हणतात. हा पुन्हा पू झाल्याचा प्रकार नसून त्याला प्रतिजैविके नकोत. त्वचारोगतज्ज्ञ त्यात इंजेक्शने देऊन तो बसवतात. तो नुसता कापून काढण्याचा आग्रह धरू नये, कारण तसा कापलेला किलॉइड पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठा होऊन उगवतो.